टिंगीचं चाक, भेगूबाईचं पांघरूण

या, या, जवळ सरका. मांडीवर बसा, नाहीतर शेजारी बसा. टिंगीची गंमत सांगते.

टिंगी म्हणजे उंदरी. इवलीशी. नाक गुलाबी, कान गोल. शेपूट मात्र लांबलचक!

ती राहायची सगुणाआत्याच्या गॅरेजात. कोपऱ्यात, रंगाच्या जुन्या डब्यामागे.

गॅरेजात एकीकडे आत्याची स्कूटर. दुसरीकडे आत्याचं कामाचं टेबल. आत्या दिवसभर काही ना काही दुरुस्त करायची. ठक ठक ठक! कुणाची सायकल. कुणाची खुर्ची. कुणाचा पाळणा.

टिंगीला एक भाऊ होता. त्याचं नाव बुटुक. बुटुकचा पाय दुखायचा. त्याला चालवायचं नाही. मग टिंगीने काय केलं? बुटुकसाठी गाडी केली!

काड्यापेटीची गाडी. बटणांची चाकं. बुटुक आत बसायचा. टिंगी दोरा ओढायची. खडखड खडखड, खडखड खडखड!

आज त्यांना जायचं होतं बोरीखाली. बोरं पिकली होती. टपाटप पडत होती.

"ताई, चल ना! चल ना!" बुटुक म्हणाला.

"चल!" टिंगी म्हणाली.

खडखड खडखड, खडखड खडखड... खट्!

गाडी अडली. चाक निखळलं. लाल बटणाचं चाक! गर्र गर्र गर्र पळालं... आणि डुब्! भेगेत पडलं.

केवढी मोठी भेग! दारापासून टेबलापर्यंत. गॅरेजची जमीनच तशी होती. इथे खड्डा, तिथे खड्डा. मध्ये ही भेग, आ वासून बसलेली.

बुटुकचा ओठ थरथरला. "ताई, आता मी कसा येऊ?"

"तू गाडीत बस. मी चाक आणते," टिंगी म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली भेगेकडे.

"भेगूबाई, भेगूबाई, माझं चाक दे."

भेग म्हणाली, "नाही देत, जा! माझं तोंड सारखं उघडं. धूळ येते. तेल येतं. थंडी वाजते. मला पांघरूण आण, मग देते चाक. पण ऐक हं. कुजणारं नको. फाटणारं नको. जळणारं नको!"

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली सतरंजीकडे.

"सतरंजीबाई, सतरंजीबाई, जमिनीवर ये.
पांघरूण नाही तर भेग चाक देत नाही.
चाक नाही तर गाडी पळत नाही.
आणि बुटुक बसलाय वाट बघत!"

सतरंजी म्हणाली, "छे गं बाई! तिथे तेल सांडतं. तेल पिऊन मी चिकट होईन. मग कुजून जाईन. मी नाही येत!"

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली पुठ्ठ्याकडे.

"पुठ्ठेराव, पुठ्ठेराव, जमिनीवर ये.
पांघरूण नाही तर भेग चाक देत नाही.
चाक नाही तर गाडी पळत नाही.
आणि बुटुक बसलाय वाट बघत!"

पुठ्ठा म्हणाला, "नको रे बाबा! तिथे स्कूटर येते. फट्फट्फट्! एका फेरीत मी फाटून जाईन. मी नाही येत!"

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली ताडपत्रीकडे.

"ताडपत्रीबाई, ताडपत्रीबाई, जमिनीवर ये.
पांघरूण नाही तर भेग चाक देत नाही.
चाक नाही तर गाडी पळत नाही.
आणि बुटुक बसलाय वाट बघत!"

ताडपत्री म्हणाली, "अगं आई गं! आत्या लोखंड घासते. ठिणग्या उडतात. चर्र चर्र! मला भोकंच भोकं पडतील. मी नाही येत!"

आता कुणाला विचारायचं?

बाहेर भिंतीला टेकून शहाबादी फरशी उभी होती. एकीमागे एक, एकीमागे एक. आत्याच्या स्वयंपाकघरातून उरलेली. करडी, जाडजूड, गप्प.

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली फरशीकडे.

"फरशीताई, फरशीताई, जमिनीवर ये.
पांघरूण नाही तर भेग चाक देत नाही.
चाक नाही तर गाडी पळत नाही.
आणि बुटुक बसलाय वाट बघत!"

फरशी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी? मी येईन की!"

टिंगीने कान टवकारले. "तेल सांडलं तर?"

"पुसलं की गेलं!"

"स्कूटर आली तर?"

"येऊ दे की!"

"ठिणगी पडली तर?"

"विझून जाईल!"

"हातोडी पडली तर?"

"ठण्ण वाजेल! मला काही होत नाही."

टिंगी आनंदाने गोल गोल फिरली. "मग चल ना!"

"थांब, थांब," फरशी म्हणाली. "अशी खड्ड्यांत मी निजत नाही. पाठीला टोचतं. मी डुगडुगते. डुगडुगले की तडकते. मला वाळूचा मऊ बिछाना आण, मग निजते."

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली वाळूकडे. फाटकापाशी वाळूचा ढीग होता.

"वाळूताई, वाळूताई, बिछाना घाल.
वाळू नाही तर फरशी निजत नाही.
फरशी नाही तर भेग चाक देत नाही.
चाक नाही तर गाडी पळत नाही.
आणि बुटुक बसलाय वाट बघत!"

वाळू म्हणाली, "मी कशी येऊ? चालले की सांडते. सुर्र सुर्र! मला बसायला घमेलं आण, मग येते."

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली घमेल्याकडे. घमेलं उपडं पडून घोरत होतं.

"घमेलेदादा, घमेलेदादा, ऊठ ना रे.
घमेलं नाही तर वाळू येत नाही.
वाळू नाही तर फरशी निजत नाही.
फरशी नाही तर भेग चाक देत नाही.
चाक नाही तर गाडी पळत नाही.
आणि बुटुक बसलाय वाट बघत!"

घमेलं म्हणालं, "मला काय पाय आहेत? म्हादबा गवंड्याला बोलाव. तो उचलेल, मग उठतो."

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली म्हादबाकडे. म्हादबा शेजारच्या घरात राहायचा. भिंती बांधायचा, फरशा बसवायचा. आत्ता ओट्यावर बसून जांभया देत होता. आऽऽऽ!

"म्हादबाकाका, म्हादबाकाका, घमेलं उचल.
म्हादबा नाही तर घमेलं उठत नाही.
घमेलं नाही तर वाळू येत नाही.
वाळू नाही तर फरशी निजत नाही.
फरशी नाही तर भेग चाक देत नाही.
चाक नाही तर गाडी पळत नाही.
आणि बुटुक बसलाय वाट बघत!"

म्हादबा म्हणाला, "अगं पोरी, उचलीन की! पर चहाबिगर माझं अंग हलत न्हाई बघ. सगुणाताईला सांग, कपभर चहा टाक म्हणावं. चहा आला की मी आलो."

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली आत्याकडे. आत्या टेबलापाशी पाळणा दुरुस्त करत होती. पण कपाळाला हात लावून बसली होती.

"सगुणाआत्या, सगुणाआत्या, चहा कर ना.
चहा नाही तर म्हादबा हलत नाही.
म्हादबा नाही तर घमेलं उठत नाही.
घमेलं नाही तर वाळू येत नाही.
वाळू नाही तर फरशी निजत नाही.
फरशी नाही तर भेग चाक देत नाही.
चाक नाही तर गाडी पळत नाही.
आणि बुटुक बसलाय वाट बघत!"

"तुझंही चाक गिळलं का तिने?" आत्या म्हणाली. "माझे तर सगळे स्क्रू गिळलेत! बघ, पाळणा अर्धाच राहिलाय. फरशी घालायची? अगदी बरोबर बोललीस! चहा करते गं बाई. पण घरात दूध नाही. म्हादबा कोरा चहा पीत नाही. दूध आण, मग करते."

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली शेळीकडे. शेळी परसात बांधली होती.

"शेळीताई, शेळीताई, दूध दे.
दूध नाही तर आत्या चहा करत नाही.
चहा नाही तर म्हादबा हलत नाही.
म्हादबा नाही तर घमेलं उठत नाही.
घमेलं नाही तर वाळू येत नाही.
वाळू नाही तर फरशी निजत नाही.
फरशी नाही तर भेग चाक देत नाही.
चाक नाही तर गाडी पळत नाही.
आणि बुटुक बसलाय वाट बघत!"

शेळी म्हणाली, "मेंऽऽ! माझं पोट बघ. खपाटीला गेलंय. शेवग्याचा हिरवा पाला आण, मग देते."

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली शेवग्याकडे.

"शेवगेदादा, शेवगेदादा, पाला दे.
पाला नाही तर शेळी दूध देत नाही.
दूध नाही तर आत्या चहा करत नाही.
चहा नाही तर म्हादबा हलत नाही.
म्हादबा नाही तर घमेलं उठत नाही.
घमेलं नाही तर वाळू येत नाही.
वाळू नाही तर फरशी निजत नाही.
फरशी नाही तर भेग चाक देत नाही.
चाक नाही तर गाडी पळत नाही.
आणि बुटुक बसलाय वाट बघत!"

शेवगा हळूच म्हणाला, "काय सांगू टिंगे! मी रोपटं होतो ना, तेव्हा मला सुतळीने काठीला बांधलं. मी मोठा झालो, सुतळी तशीच राहिली. बघ कशी आवळतेय. हलताच येत नाही. हललो नाही तर पाला कसा पडणार? कात्री आण, सुतळी काप, मग देतो."

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली कात्रीकडे. कात्री गॅरेजात खिळ्याला लटकत होती.

"कात्रीबाई, कात्रीबाई, सुतळी काप.
कात्री नाही तर शेवगा पाला देत नाही.
पाला नाही तर शेळी दूध देत नाही.
दूध नाही तर आत्या चहा करत नाही.
चहा नाही तर म्हादबा हलत नाही.
म्हादबा नाही तर घमेलं उठत नाही.
घमेलं नाही तर वाळू येत नाही.
वाळू नाही तर फरशी निजत नाही.
फरशी नाही तर भेग चाक देत नाही.
चाक नाही तर गाडी पळत नाही.
आणि बुटुक बसलाय वाट बघत!"

कात्री कुरकुरली, "मी गंजलेय गं! तोंडच उघडत नाही. तेलाचा थेंब आण, मग उघडते."

तुरुतुरु तुरुतुरु... नाही नाही. आता टिंगी दमली होती. हळूहळू, हळूहळू, टिंगी गेली तेलाच्या डब्याकडे.

"डबेदादा, डबेदादा, तेल दे.
तेल नाही तर कात्री उघडत नाही.
कात्री नाही तर शेवगा पाला देत नाही.
पाला नाही तर शेळी दूध देत नाही.
दूध नाही तर आत्या चहा करत नाही.
चहा नाही तर म्हादबा हलत नाही.
म्हादबा नाही तर घमेलं उठत नाही.
घमेलं नाही तर वाळू येत नाही.
वाळू नाही तर फरशी निजत नाही.
फरशी नाही तर भेग चाक देत नाही.
चाक नाही तर गाडी पळत नाही.
आणि बुटुक बसलाय वाट बघत!"

डबा म्हणाला, "टण टण! मी रिकामा! काल मी खड्ड्यात कलंडलो. सगळं तेल सांडलं. आणि प्यायलं कुणी? त्या भेगेने!"

अरे देवा! पुन्हा भेगच!

टिंगी मटकन खाली बसली. पाय दुखत होते. घसा सुकला होता. डोळ्यांत पाणी आलं.

गाडीतून बुटुक म्हणाला, "ताई, राहू दे. मला नकोत बोरं."

बोरं नकोत? बुटुकला बोरं नकोत? त्याला तर बोरं किती किती आवडतात!

टिंगीला आला राग. मोठ्ठा राग! तिने दात आवळले.

कर्र... कर्र... कर्र...

हा कसला आवाज? टिंगीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कोण वाजतंय?

तिचेच दात!

"अगंबाई!" टिंगीने उडी मारली. "कात्री कशाला हवी? मला दात आहेत की!"

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी सुटली! शेवग्यावर चढली. सुतळीला भिडली.

कुरतुड कुरतुड, कुरतुड कुरतुड!

सुतळी जाड होती. जुनी होती. कडू होती. थू थू! टिंगी थांबली का? नाही थांबली!

कुरतुड कुरतुड, कुरतुड कुरतुड... तट्ट!

सुतळी तुटली!

शेवग्याने मोठ्ठा श्वास घेतला. "हाऽऽऽ!" अंग झटकलं. सळसळ सळसळ! हिरवागार पाला पडला.

शेळीने पाला खाल्ला. करम करम करम! पोट झालं टुम्म. शेळीने दूध दिलं. चुळ्ळ चुळ्ळ!

आत्याने चहा ठेवला. आलं ठेचलं, साखर घातली, दूध ओतलं. रटरट रटरट! वाफाळता चहा कपात आला.

म्हादबा चहा प्यायला. फुर्र... फुर्र... फुर्र! मिशा पुसल्या. उठून उभा राहिला. "आता बघा म्हादबाचं काम!"

म्हादबाने घमेलं उचललं. घमेलं भरलं. वाळू डोक्यावर चढली. सुर्र सुर्र हसली!

आणि निघाली मिरवणूक! पुढे टिंगी, शेपूट उंच करून. मागे म्हादबा, घमेलं डोक्यावर. त्याच्या मागे आत्या, फरशी धरून. आणि सगळ्यांत मागे शेळी, उगाचच. मेंऽऽ!

गॅरेज आलं. आत्याने स्कूटर बाहेर काढली. टेबल बाहेर काढलं. बुटुकची गाडी उचलून खिडकीत ठेवली.

"पांघरूण आलं! पांघरूण आलं!" टिंगी ओरडली. "भेगूबाई, आता चाक दे!"

भेगेने पाहिलं. न कुजणारं, न फाटणारं, न जळणारं पांघरूण! "आलं का गं? घे बाई, घे तुझं चाक!"

म्हादबाने भेगेत थापी घातली. खरवड खरवड, खरवड खरवड! आणि टुण्णकन काय उडालं?

लाल बटणाचं चाक!

टिंगीने वरच्या वर झेललं. छातीशी घट्ट धरलं.

पण खरवडणं थांबेना! टुण्ण टुण्ण टुण्ण! एक स्क्रू आला. आणखी एक आला. खिळा आला. सायकलचा छर्रा आला. आत्याची हरवलेली चावीसुद्धा आली!

"माझे स्क्रू!" आत्या टाळ्या पिटत म्हणाली. "आता पाळणा झालाच म्हणून समजा!"

मग म्हादबाने वाळू पसरली. सर्र सर्र! खड्डे बुजले. भेग बुजली. वाळूचा मऊ मऊ बिछाना झाला.

त्यावर फरशी निजली. एकीशेजारी एक, एकीशेजारी एक. म्हादबाने हलकेच ठोकली. ठप ठप ठप! कुठे डुगडुगतेय का? नाही डुगडुगत!

"अहाहा!" खालून भेग म्हणाली. "किती छान वाटतंय! आता मी झोपते." आणि ती गाढ झोपून गेली.

आत्याने मुद्दाम हातोडी पाडली. ठण्ण! फरशीला काही झालं? काही नाही!

म्हादबाच्या हातून चहा सांडला. पचाक्! आत्याने फडकं फिरवलं. डाग राहिला? नाही राहिला!

आत्याने टेबल आत आणलं. स्कूटर आत आणली. फट्फट्फट्! फरशी हलली? मुळीच नाही हलली!

"सांगितलं होतं ना!" फरशी ऐटीत म्हणाली.

आणि टिंगी काय करत होती? टिंगी चाक बसवत होती. आत्याने गाडी खिडकीतून खाली घेतली, बुटुकला उतरवलं, गाडी चिमट्याने धरली. टिंगीने चाक लावलं. चट्! बसलं!

बुटुक पुन्हा गाडीत बसला. टिंगीने दोरा ओढला.

खडखड वाजलं का? नाही वाजलं! गाडी पळाली सरसर सरसर, सरसर सरसर! टेबलाखालून सरसर. स्कूटरखालून सरसर. दारातून बाहेर सरसर!

"ताई, आणखी जोरात!" बुटुक ओरडला.

शेवग्याने पानं हलवली. शेळीने मान डोलावली. म्हादबाने टोपी उडवली. आत्या म्हणाली, "जा गं टिंगे, जा! आज तूच जिंकलीस!"

बोरीखाली बोरंच बोरं. पिवळी बोरं, लाल बोरं. बुटुकने खाल्ली, गालांत भरली, पुन्हा खाल्ली. मिशा झाल्या चिकट चिकट!

आणि सगळ्यांत मोठं बोर, सगळ्यांत लाल, सगळ्यांत गोड, ते कुणाला मिळालं?

टिंगीला!

मचक मचक मचक!